साळूबाईच्या पायाची बोली

"अण्णा, काटा लालवर हाय. बोली कमजोर हाय म्हणतंय ते," समाधानने मोबाईल चुलत्यासमोर धरला.

वाल्मीकअण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. घड्याळाच्या अर्ध्या तबकडीसारखं काहीतरी होतं. डावीकडे लाल, मध्ये पिवळं, उजवीकडे हिरवं. समाधानने बोट उजवीकडे सरकवलं की आकडा वाढे आणि काटा पिवळ्याकडे झुके. डावीकडे आणलं की पुन्हा लाल.

"कोण म्हणतंय कमजोर हाय?"

"विमान कंपनी."

"म्हंजी इकणाराच?"

"हा."

अण्णा उठले, अंगणात जाऊन तोंडातली सुपारी थुंकून आले आणि परत खुर्चीत बसले. चौतीस वर्षं त्यांनी बाजार समितीत एका आडत्याकडे लिलावाचा पुकारा केला होता. विकणाराच गिऱ्हाइकाच्या कानाशी लागून 'तुझी बोली कमी पडते, वाढव' म्हणतोय आणि दुसरं गिऱ्हाईक मात्र दाखवत नाही, असा लिलाव त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

मखमलाबादच्या मळ्यातल्या त्या घरी हा मेल आला होता साळूबाईंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या नावाने. पहिल्याच ओळीत तिचं अभिनंदन केलं होतं. कशाबद्दल, तर विमानातल्या पुढच्या वर्गाच्या रुंद खुर्चीसाठी बोली लावण्याची संधी तिला मिळाली होती. तिकिटाचे पैसे भरून कधीच झाले होते. आता वर किती देता ते तुम्हीच सांगा, आम्ही विचार करून कळवू, असा एकूण मामला. माणसाच्याच तोंडून त्याची ऐपत काढून घ्यायची आणि वर त्याचं अभिनंदन करायचं, यालाही हल्ली धंदा म्हणतात. ज्याने कोणी ही युक्ती काढली त्याला कंपनीत बढतीसुद्धा मिळाली असेल.

साळूबाईंना त्या खुर्चीची हौस नव्हती. तिकडे लंडनला लेक तेजस्विनीचे दिवस भरत आले होते आणि पहिल्या बाळंतपणाला आई हवी म्हणून तिने आईचं एकटीचं तिकीट काढलं होतं. दिवाळीनंतर साळूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, प्रवासापर्यंत तो बरा होईल असा सगळ्यांचा हिशेब. गुडघ्याने तो हिशेब मानला नाही. चाळीस वर्षं वाफ्यात उकिडवं बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधलेल्या त्या पायाने ऑपरेशननंतर वाकायचंच नाकारलं. जेमतेम अर्धा वाकायचा, आणि तासभर तसा ठेवला की सुजून मांडीएवढा व्हायचा. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, पण एका अटीवर. पाय लांब करून बसता आलं पाहिजे, नाहीतर रक्त साकळून भलतंच व्हायचं. मग अण्णांचंही तिकीट निघालं, सोबत म्हणून. पाय पसरायला जागा असलेल्या रांगा आधीच जादा पैसे भरून लोकांनी घेतल्या होत्या. नऊ-दहा तासांचा प्रवास आणि समोरच्या खुर्चीला टेकणारा गुडघा. तेव्हा ती रुंद खुर्ची म्हणजे साळूबाईंचा पाय होता, एवढं सरळ गणित होतं.

साळूबाई कॉटवर बसून मेथी निवडत होत्या. पाय प्लास्टिकच्या स्टुलावर. मी बसेन कशीही, पैसे घालू नका, तिकडे पोरीला लागतील, असं त्या मधूनमधून म्हणत होत्या. त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं.

"पार हिरव्यात टाकू का, अण्णा? एकदाच काय ते व्हऊन जाईल," समाधान म्हणाला. तो अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर होता. असल्या गोष्टी एकदाच उरकाव्यात असं त्याचं मत.

"पहिली बोली कोणी हिरव्यात टाकतं का, येड्या? आपल्याला माल पायजेच हाय हे कळलं की इकणारा डोक्यावर बसतो. बेचाळीस टाक. त्यांना बोलू दे पुढं."

"पुढं कोण बोलणार हाय, अण्णा?"

"बोलतील. लिलाव हाय ना?"

मनात त्यांनी ऐंशी हजार धरले होते. ठेवीतले मोडायचेसुद्धा ठरवले होते, बँकेत जाऊन चौकशीही करून आले होते. पण ऐंशी मनात असले की चाळीसने तोंड उघडायचं, ही चौतीस वर्षांची सवय. समाधानने बेचाळीस हजार टाकले. काटा लालच्या काठावर थरथरला आणि तिथेच थांबला.

अण्णांचा लिलाव कसा असे, ते सांगायला हवं. माल उघडा पडलेला. शेतकरी मालाशेजारी उभा. व्यापारी गोल करून, आणि प्रत्येकाचं तोंड प्रत्येकाला दिसतंय. अण्णा बोली उचलायचे, चढवायचे, आणि चढायची थांबली की एक वार, दोन वार म्हणून जरा थांबायचे. ते थांबणं महत्त्वाचं. पेठ तालुक्याकडची कुसाबाई जीपमधून कारल्यांची दोन पोती घेऊन यायची. दोन पोत्यांसाठी कोण थांबतो? व्यापारी पाय आपटायचे, पुढं चला म्हणायचे, आणि अण्णा तिच्या दोन पोत्यांपाशीही तेवढेच थांबायचे. तिला भाव पटला नाही तर मान हलवायची मुभा होती. मग माल तिचा, ती परत न्यायला मोकळी. या थांबण्यापायी अण्णांनी आडत्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

त्याला कारण त्यांचे वडील. चिमाजी निमसे एकदा बैल विकायला गुरांच्या बाजारात गेले होते, सहा वर्षांचा वाल्मीक बरोबर. तिथे दलालाने गिऱ्हाइकाचा हात उपरण्याखाली घेतला. आत भावाच्या खुणेची बोटं दाबली गेली, सोडली गेली, वर दोघांचे चेहरे देवळातल्यासारखे शांत. मग दलालाने चिमाजीच्या कानात एक आकडा सांगितला आणि बैल गेला. घरी येताना रस्त्यात कळलं की गिऱ्हाइकाने जवळजवळ दीडपट दिले होते. चिमाजी त्या दिवशी जेवले नाहीत. बैल गेल्याचं त्यांना दुःख नव्हतं. आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच बैलाचं, आपल्याला न दिसता काहीतरी ठरलं, याने त्यांना मळमळत होतं. वाल्मीकने पुढे आयुष्यभर जो पुकारा केला तो घसा फाटेस्तोवर मोठ्याने केला.

असा माणूस आता मोबाईल सदऱ्याच्या खिशात घालून कंपनीच्या फोनची वाट पाहू लागला. दोन दिवस त्यांनी आलेला एकही फोन सोडला नाही. एका बाईने त्यांना कर्ज देऊ केलं. त्र्यंबक रोडला प्लॉट घेता का, असं एकाने विचारलं. प्रत्येकाला अण्णा आधी विचारत, "विमानवाले का?" जेवताना मोबाईल ताटाशेजारी, अंघोळीला गेले तर साळूबाईंच्या हातात. कोणाची तरी बोली वर गेली असणार, आता आपल्याला विचारतील, मग आपण पन्नास म्हणू, अशी त्यांची मनात तयारी चालू होती. समाधानने दोनदा सांगितलं की, अण्णा, असं कोणी विचारत नसतं. अण्णांना ते खरं वाटलं नाही. न विचारता लिलाव संपतो कसा?

निघायच्या आदल्या दिवशी समाधानचा कारखान्यातून फोन आला. मेल आला होता. आपली बोली या वेळी स्वीकारता आली नाही याचा कंपनीला खेद होता.

अण्णांनी पुतण्याकडून कंपनीचा नंबर घेतला. आधी बराच वेळ यंत्र बोललं, मग गाणं लागलं, मग एक मुलगी हिंदीतून बोलू लागली. अण्णांनीही आपल्या हिंदीतून तिला विचारलं की बोली कोणाची लागली. ते सांगता येत नाही, ती म्हणाली. कितीला लागली? तेही सांगता येत नाही. आम्हाला वाढवायला का नाही विचारलं? मुदत संपेपर्यंत तुम्हीच वाढवू शकला असता, सर.

"मग लागली, हे तरी कशावरून?" अण्णांनी विचारलं.

तिने, आणखी काही मदत हवी आहे का, असं विचारलं. ती बिचारी तरी काय करणार, उपरण्याखाली काय ठरलं ते तिलाही दिसत नव्हतं. अण्णांनी फोन ठेवला. मोरीत जाऊन त्यांनी चूळ भरली.

विमान मुंबईहून दुपारचं होतं. लेकीने चाकाच्या खुर्चीची सोय केली होती, त्यामुळे विमानाच्या दारापर्यंत ठीक चाललं. आत शिरल्यावर मात्र त्या पुढच्या वर्गातूनच मागे जावं लागलं. कंपन्यांनी हे मुद्दाम केलेलं असतं. तुम्हाला काय मिळालं नाही ते आधी डोळे भरून पाहायचं आणि मग आपल्या जागी जाऊन बसायचं. रुंद खुर्च्या, पाय ठेवायला पुढे उशीसारखी फळी, प्रत्येकीवर घडी घातलेलं पांघरूण. साळूबाई काठीवर थांबल्या.

"ह्याच का त्या?"

"चल पुढं," अण्णा म्हणाले.

त्यांची जागा विमानाच्या शेपटीकडे, तिघांच्या रांगेत. साळूबाई खिडकीशी, अण्णा मध्ये, आणि कडेला इस्त्रीच्या शर्टातला एक साहेब. वय पन्नासच्या आसपास, बसल्याबसल्या त्याने कानांत बोळे घालून लॅपटॉप उघडला. विमान उडेपर्यंत पाय खाली ठेवावाच लागला. साळूबाईंनी खुर्चीचा हात धरला होता आणि त्या समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहत होत्या. तासाभराने अण्णांनी लुगडं जरा वर करून पाहिलं. गुडघ्यावरची कातडी ताणून चकाकायला लागली होती.

अण्णा उठून पुढे गेले. पडदा ओढलेला होता, तो त्यांनी दोन बोटांनी बाजूला केला आणि मोजलं. सात खुर्च्या रिकाम्या होत्या. पांघरुणाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

तिथली हवाई सुंदरी लगबगीने आली. छातीवरच्या पट्टीवर इंग्रजीत नाव होतं, ते अण्णांनी अक्षर अक्षर लावून वाचलं. शुभांगी. त्यांनी मराठीतून सगळं सांगितलं. पाय, ऑपरेशन, डॉक्टरची अट, बोली. तिने नीट ऐकून घेतलं.

"काका, पुढची सीट बोली लागली असेल तरच देता येते."

"या सातांवर कोणाची लागली?"

"कोणाचीच नाही."

"म्हंजी आमच्यावर कोणी नव्हतंच?"

तिने मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाली, "अशी फुकट किंवा कमीत दिली, तर पुढच्या वेळी कोणी बोलीच लावणार नाही. असं वरून सांगतात. मी त्यांना उशी आणून देते, काका. दोन देते."

अण्णांना ते लगेच समजलं. समजलं म्हणूनच शिसारी आली. ते एकटेच बोलत होते. समोर दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच, आणि तरी काटा त्यांना लाल दाखवत होता. बाजार समितीतही माल पडून राहतो. भाव कोसळला की टोमॅटो रस्त्यावर ओततात, अण्णांनी ते कितीदा पाहिलं होतं आणि तेही काही चांगलं दृश्य नसे. पण त्या ढिगातून पिशवी भरून नेणाऱ्या म्हातारीचा हात कोणी धरत नसे. तू पैसे दिले नाहीस, तेव्हा हे इथेच सडेल आणि तू बघत राहा, असं म्हणायला गावठी बाजाराची अक्कल पुरली नव्हती.

ते जागेवर परत आले, दोन उश्या मांडीवर घेतल्या आणि म्हणाले, "पाय वर घे."

"कुठं?"

"हितं. माझ्या मांडीवर."

त्यांना वेडच लागलं असावं, अशा नजरेने साळूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नवऱ्याला चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करणारी बाई ती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात आजारपणातसुद्धा तिने त्यांच्याकडून पाय चेपून घेतले नव्हते. आणि इथे तीनशे माणसांत?

"काय बोलता? लोकं बघत्यात. पाप लागंल मला."

"पापाचं मी बघतो. घे वर."

त्यांनी वाकून स्वतःच तो पाय उचलला. साळूबाईंना पाठ खिडकीकडे करून तिरकं बसवलं, उशी कमरेमागे दिली, दुसरी आपल्या मांडीवर पायाखाली. पाय सरळ झाला तसा त्यांच्या तोंडून श्वास सुटला. लगेच त्यांनी वाकून नवऱ्याच्या गुडघ्याला हात लावला आणि तो कपाळाला नेला. पाय जरा हलला की पुन्हा तेच. अण्णा काही वेळ ते बघत राहिले. मग त्यांना राहवेना.

"माझ्या मनात ऐंशी व्हते," ते म्हणाले.

"कशाचे?"

"बोलीचे. ऐंशीपर्यंत जायचं ठरवलं व्हतं मी. बोललो बेचाळीस. वाढवायला बोलवतील, वाटलं."

साळूबाईंना हे नीट कळायला वेळ लागला. खिडकीबाहेर नुसतं पांढरं ऊन होतं.

"निम्म्यात काढलं म्हणा की मला," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच अण्णांना मान वर करता येईना. कंपनीने उपरणं टाकलं हे खरं. पण उपरण्याखाली हात आपण घातला, आणि घासाघीस केली ती हिच्या पायाची. त्यांना कंपनीची किळस आली होती त्याहून जास्त स्वतःची आली. चौतीस वर्षांचं शहाणपण, आणि ते वापरलं कुठे!

साळूबाई थोड्या वेळाने म्हणाल्या, "जाऊ द्या. बाजारातला माणूस, दुसरं काय करनार." आणि पुन्हा एकदा त्यांच्या गुडघ्याला हात लावून त्यांनी कपाळाला नेला.

पाय लांब केल्यावर पाऊल अण्णांच्या मांडीच्या पलीकडे वीतभर जात होतं, साहेबाच्या खुर्चीच्या हातावर. जेवणाचे ट्रे आले तेव्हा त्याने ते पाहिलं. टाचेला भेगा होत्या आणि भेगांत मातीच्या काळ्या रेघा, किती घासल्या तरी न जाणाऱ्या. अन्नात झुरळ निघावं तसं त्याने त्या टाचेकडे पाहिलं. ट्रेवरचं झाकण पुन्हा लावलं, बटण दाबून शुभांगीला बोलावलं आणि तिच्याशी इंग्रजीत बराच वेळ बोलला. आवाज चढवला नाही. तक्रार, लिखित, हायजीन, एवढे शब्द अण्णांना कळले. शुभांगी पुढे गेली आणि आपल्या वरच्या अधिकाऱ्याला घेऊन आली. त्याने साहेबाची माफी मागितली. मग साहेबाने लॅपटॉप मिटला, बॅग काढली आणि अधिकाऱ्यामागून तो चालत गेला. पडदा उघडला आणि मिटला. शुभांगी मागे राहिली होती. तिने त्याचा न खाल्लेला ट्रे उचलला आणि अण्णांकडे न पाहता निघून गेली.

साळूबाईंनी हे सगळं पाहिलं होतं.

"ते कुठं गेले?"

"पुढं. त्या खुर्चीत."

"त्यांची बोली लागली व्हती?"

"नाय."

"मंग?"

अण्णांना खोटं सुचलं होतं. पण आज एकदा खरं बोलून झालं होतं, ते मोडवेना.

"तुझ्या पायाची त्याला किळस आली," ते म्हणाले.

साळूबाईंनी हात लांबवला आणि लुगड्याचा काठ टाचेवर ओढून घेतला. अण्णांनी तो बाजूला केला. त्यांनी पुन्हा ओढला. अण्णांनी पुन्हा बाजूला केला आणि त्यावर हात ठेवला.

"उघडा राहू दे. सूज दिसली पायजे मला."

"मंग आता त्या रिकाम्या जागेवर ठेवते ना सगळा. तुमी सरका तिकडं, कडंला. तुमच्या मांड्या गेल्या आसतील."

"राहू दे हाय तिथं."

टाच त्यांनी साहेबाच्या खुर्चीवर नीट टेकवली, पोटरी आपल्या मांडीवरच राहू दिली. हळूहळू साळूबाईंची मान खिडकीकडे कलली. झोपेतही त्यांचा हात एकदा अण्णांच्या गुडघ्याकडे आला आणि अर्ध्यावरच थांबला. विमान सूर्याच्या मागे चाललं होतं, त्यामुळे दुपार संपत नव्हती. अण्णा गुडघ्यावरच्या कातडीकडे बघत होते. चकाकी थोडी उतरल्यासारखी वाटत होती, किंवा उजेड बदलला असेल. त्यांना मघापासून लघवीला जायचं होतं. लंडन अजून पाच तास लांब होतं. ते उठले नाहीत.